गरब्याच्या ऑर्केस्ट्रात गिटार ऐकू यावी म्हणून

उन्हाळ्यापासून गिटारवर चाललेल्या कामाची ही नोंद. गिटार तीच, फेंडरच्या स्ट्रॅटच्या धर्तीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचा कंप विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी, चुंबकाभोवतीची कॉइल). बदललं ते ब्रिजचं (तारा अडकवतात त्या टोकाचं) पिकअप, बाकीच्यांची उंची आणि पायाने चालवायच्या इफेक्ट पेडलची रांग. उद्देश एकच: आमच्या सोसायटीच्या गरब्यात ढोल, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि दोन गायक यांच्या गर्दीत गिटार ऐकू यावी, आणि तीही आवाज न वाढवता. बडोद्यात गरबा म्हटला की साउंडवाल्याचा शब्द शेवटचा. तो ‘भाई, थोडुं ओछुं करो’ (थोडं कमी करा) म्हणाला की विषय संपला.

मे

पिकअपचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती के आहे?’, म्हणजे कॉइलचा रोध किती किलोओहम. मल्टिमीटरची टोकं केबलच्या दुसऱ्या टोकाला लावायची, व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा आणि आकडा वाचायचा. माझ्या मधल्या पिकअपचा आकडा जानेवारीतल्या सकाळी सहा किलोओहमच्या जरा आत होता. मे महिन्यात दुपारी, दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर, तोच साडेसहाला टेकला. पिकअप ‘हॉट’ झालं नाही, तांबं तापलं एवढंच. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे १५ अंशांवरून ४२ वर गेलं की दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला. त्यात तार बारीक असेल तर वेढे तेवढेच असूनही ‘के’ वाढतो. ४२ गेजच्या पिकअपची आणि ४३ गेजच्या (गेज मोठा तशी तार बारीक) पिकअपची ताकद नुसत्या ‘के’वर तोलणं म्हणजे पिशवीच्या वजनावरून भाजीची चव सांगणं.

त्यापेक्षा इंडक्टन्स (कॉइलचा हेन्रीत मोजायचा गुण) विचारा. जुन्या पद्धतीचं स्ट्रॅटचं पिकअप सव्वादोन-अडीच हेन्रीच्या आसपास असतं, जुन्या धर्तीचा हंबकर (दोन कॉइलचं पिकअप) चार-साडेचारच्या. हा आकडा आणि केबलची कपॅसिटन्स मिळून पिकअपचं शिखर, म्हणजे ते सगळ्यात जोरात बोलतं ती जागा, कुठे येणार ते ठरतं. सर्वसाधारण केबल मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर सहा मीटरच्या केबलवर माझ्या सिंगल कॉइलचं शिखर ४ किलोहर्ट्झच्या किंचित खाली बसतं आणि तीन मीटरच्या केबलवर ५ च्या आसपास. तीच गिटार, तोच हात, फक्त केबल अर्धी, आणि वरची चमक कानाला कळण्याइतकी वेगळी. ओळखीच्या कुणा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडे एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारा) असेल तर चहा पाजून मोजून घ्या. नवीन पिकअप घेण्याआधी छोटी केबल लावून बघणं केव्हाही स्वस्त.

याच महिन्यात एका मित्राने त्याचा जर्मेनियम फझ (आवाज खरखरीत, फाटका करणारा पेडल) वापरायला दिला. १९६६ च्या फझ फेसच्या धर्तीवर घरीच बांधलेला, दोन ट्रान्झिस्टरचा. पहाटे पाच-साडेपाचला लावला तर लोणी. गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणला की फझ निवळून जवळजवळ क्लीन होतो, आणि ते क्लीनसुद्धा काचेसारखं स्वच्छ. दुपारी तीनला तोच पेडल थुंकायला लागला. सूर सुटताना फरफर, मग अचानक गप्प. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमध्ये गळती होणारा करंट तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, दर दहा अंशांना साधारण दुप्पट, आणि त्या गळतीने बायस (ट्रान्झिस्टरची ठरवून दिलेली कामाची पातळी) सरकतो. लंडनच्या हवेत जन्मलेलं सर्किट आमच्या माळ्यावर ४२ अंशांत बसवल्यावर दुसरं काय होणार? ज्यांच्याकडे एसी स्टुडिओ आहे त्यांनी जर्मेनियमची हौस जरूर करावी. मी सिलिकॉनवाला घेतला. तो अधिक कर्कश आहे, मान्य. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात मंचावर त्याचा भरवसा धरता येतो.

एक महत्त्वाचं, जे सिलिकॉनलाही लागू आहे. या जातीच्या फझला थेट गिटारच हवी. त्याचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी असतो की पिकअपची कॉइल सर्किटचा भागच होऊन जाते. मधे बफर (सिग्नल बळकट करणारं सर्किट) असलेला ट्यूनर घातलात की व्हॉल्यूम कमी केल्यावर निवळणं बंद, आणि आवाज पत्र्यासारखा. म्हणून फझ पहिला, ट्यूनर त्याच्यामागे.

जून-जुलै

पावसात बाहेरचे कार्यक्रम नसतात, त्यामुळे पिकगार्ड उघडायला हाच मोसम. सुरुवात मात्र उंचीपासून केली, कारण त्याला फक्त स्क्रू ड्रायव्हर लागतो. शेवटच्या फ्रेटवर सहावी तार दाबून धरायची आणि तारेच्या बुडापासून पिकअपच्या पोलपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने मोजायचं. जुन्या पद्धतीच्या सिंगल कॉइलसाठी फेंडरचा सल्ला खर्जाच्या बाजूला २.४ मिलिमीटर आणि पहिल्या तारेकडे २ मिलिमीटर. माझं नेकचं (गिटारच्या मानेकडचं) पिकअप याहून बरंच वर होतं. लक्षण असं: बाराव्या फ्रेटच्या पुढे जाड तारेवर सूर लावला की ट्यूनरचा काटा एका जागी बसतच नाही, एकाच तारेतून दोन सूर एकमेकांशी भांडतात. तारेला चुंबक ओढतो, म्हणून ती सरळ कंप पावत नाही. कितीही इंटोनेशन (फ्रेटवरचे सूर) जुळवा, हे जायचं नाही. अर्धा-अर्धा फेरा करत पिकअप खाली नेलं, काटा शांत झाला. आवाज थोडा कमी झाला, पण तारांचे सूर सुटे सुटे आले. आतापर्यंत केलेल्या सगळ्या कामांत जास्त फरक यानेच पडला, आणि खर्च शून्य.

मग गुरगुर. जुन्या घरांतलं वायरिंग कसं असतं ते दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्यांना सांगायला नको. माझ्या खोलीत तिसऱ्या पिनला अर्थिंगच नव्हतं, ते आधी इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. गिटारचा आवाज राहू दे बाजूला, तारा अर्थला जोडलेल्या असतात आणि आपला हात तारांवर असतो.

त्यानंतर उरलेल्या आवाजाचे दोन भाग वेगळे ओळखायचे. एक जाड, खोल ‘हुं’, ५० हर्ट्झची; ती ट्रान्सफॉर्मर आणि पंख्यांच्या चुंबकीय क्षेत्रातून येते. दुसरी बारीक, करकरणारी ‘ब्झझ’. ती डिमर, ट्यूबलाइट, एलईडीच्या माळा यांची. पिकगार्डखाली तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडली की ‘ब्झझ’ बरीच कमी होते. ‘हुं’ तशीच राहते, कारण तांब्याच्या पातळ पट्टीतून ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र सहज आरपार जातं. तिच्यावर उपाय दुसऱ्या कॉइलचा. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याचाच: दोन कॉइल, उलट्या वेढ्यांच्या आणि उलट चुंबकांच्या. तारेचा सिग्नल एकमेकांत मिळतो, बाहेरची गुरगुर एकमेकांना खाते. पुढे स्ट्रॅटमध्येही मधलं पिकअप उलटं गुंडाळायला लागले, त्यामुळे दोन आणि चार नंबरच्या जागी गिटार शांत असते. (१९५४ च्या मूळ स्ट्रॅटला तीनच जागा होत्या, लोक स्विच मधोमध अडकवून या दोन काढायचे. पाच जागांचा स्विच कंपनीकडूनच यायला १९७७ उजाडलं.)

मी ब्रिजला सिंगल कॉइलच्या मापाचा हंबकर बसवला. फार जोरदार आउटपुटचा मुद्दाम घेतला नाही. जोरदार पिकअप पेडलला आधीच ढकलून ठेवतं, मग गिटारच्या व्हॉल्यूमने क्लीन-ड्राइव्ह असं मागेपुढे करता येत नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त लागतं. पॉटचा (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या बदलत्या रोधाचा) गोंधळ मात्र असतो: सिंगल कॉइलला २५० के, हंबकरला ५०० के अशी रीत. एकच व्हॉल्यूम पॉट असेल तर काय? मी २५०च ठेवला. हंबकर जरा गोड, गुळगुळीत झाला, पण नेक आणि मधलं पिकअप टोचत नाहीत. ज्यांची गिटार मुख्यतः ब्रिजवरच वाजते त्यांनी ५०० घालावा.

गणपती

खरी परीक्षा वाड्यातल्या गणपतीत. भावगीतं, लावणी, मधे दोन-तीन हिंदी. इथे दोन डिस्टॉर्शन आळीपाळीने लावून बघितले, आणि सांगण्यासारखं आहे ते मुख्यतः हेच.

घरी बिग मफच्या जातीचा पेडल ऐकला तर दुसरं काही नकोसं होतं. खाली भिंतीसारखा खर्ज, वर मखमल. पण त्याच्या टोन सर्किटमध्ये १ किलोहर्ट्झच्या आसपास खळगा असतो. मंचावर खर्ज ढोल आणि कीबोर्डच्या डाव्या हाताने भरलेला, वरचा भाग झांजा आणि ऑक्टोपॅडने. उरतो तो मधला पट्टा, आणि नेमकं तिथेच मफ काही बोलत नाही. कीबोर्डवाले काका तालमीनंतर म्हणाले, “अरे, तुझी गिटार दिसते रे, पण ऐकू येत नाही.” काका बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी ट्यूब स्क्रीमरच्या धर्तीचा हिरवा ओव्हरड्राइव्ह. १९७९ च्या सुमारास आलेलं हे सर्किट घरी ऐकलं तर नाकात बोलल्यासारखं वाटतं. खर्ज कापतो, ७२० हर्ट्झच्या आसपास उंचवटा. घरी जी खोड वाटते तीच मंचावर कामी आली. कापलेला खर्ज ढोलला मोकळा मिळाला, मधला उंचवटा आमच्यासाठी रिकाम्या असलेल्या पट्ट्यात जाऊन बसला. आवाजाचा फेडर होता तिथेच होता. काकांनी मान हलवली, साउंडवाल्याने वर बघितलंसुद्धा नाही. साउंडवाल्याने वर न बघणं ही आमच्याकडे दाद समजावी.

म्हणून माझं मत: पेडल घरी एकट्याने निवडू नका. ज्यांच्याबरोबर वाजवायचं त्यांच्यात लावून बघा. एकट्याने कानाला जाड, भरदार लागणारा आवाज ऑर्केस्ट्रात बहुतेक वेळा पहिला बुडतो. ज्यांना घरी हेडफोनवरच वाजवायचं आहे त्यांनी मफ खुशाल घ्यावा. आणि रॅट (आणखी एक डिस्टॉर्शन पेडल) घेणाऱ्यांसाठी एक: त्याचा फिल्टर उलटा चालतो, उजवीकडे फिरवला की वरचे सूर कमी होतात. तो अर्ध्याच्या जरा डावीकडे ठेवला तर मंचावर तोही चांगला उठतो.

याच कार्यक्रमात माइकला ओठ लागले की झटका बसत होता. माइक मिक्सरच्या बोर्डावर, गिटारचा ॲम्प डेकोरेशनच्या बोर्डावर, आणि त्या दुसऱ्या बोर्डात अर्थ नुसता नावाला. मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला आणि एक माइकच्या जाळीला लावलं की आकडा समोर येतो. पॉवर एकाच, अर्थ असलेल्या बोर्डावरून घ्या. अर्थची पिन कापून गुरगुर घालवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला नमस्कार करून पुढे जा.

नवरात्राची तयारी

ॲम्प या वेळी घरी. ओव्हरड्राइव्ह सरळ मिक्सरला दिला तर मधमाश्यांचं पोळं ऐकू येतं, कारण गिटारचा बारा इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं गिळून टाकतो आणि मिक्सर काहीच गिळत नाही. म्हणून रांगेच्या शेवटी कॅबिनेट सिम्युलेटर (स्पीकरच्या पेटीची नक्कल करणारा). त्याबद्दल जास्त लिहीत नाही, जो बरा वाटेल तो घ्या.

डिलेवर (प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलवर) मात्र बराच वेळ गेला. सगळीकडे सांगतात, डॉटेड एट्थ लावा, म्हणजे पाऊण ठोक्याने प्रतिध्वनी. १२० च्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंद, डॉटेड एट्थ ३७५. कहरव्यात ते झकास चालतं. पण हिंच (गरब्याचा ताल) सहा मात्रांची. आवर्तन दीड सेकंदाचं धरलं तर मात्रा २५० मिलिसेकंदांची, आणि ३७५ चा प्रतिध्वनी बरोबर दोन मात्रांच्या मधोमध पडतो. आवर्तनात सहा पावलं आणि चार प्रतिध्वनी: ढोलवाला एकदा तरी वळून बघतोच. २५० लावला की प्रत्येक मात्रेवर पडतो, पण गर्दी होते. मला ७५० आवडला, म्हणजे अर्धं आवर्तन; पहिल्या मात्रेवर वाजवलेला सूर चौथीवर परत येतो, फीडबॅक एक-दोन आवृत्त्यांपुरताच. शिवाय गरबा चढत जातो. संथ सुरू झालेली लय शेवटाला कुठल्या कुठे पोचते, त्यामुळे टॅप टेम्पो (पायाने ठोकून लय देण्याची सोय) नसलेला डिले इथे शोभेचा. मी टॅप पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर देतो, लय चढली की परत.

पॉवरचं: बहुतेक पेडल ९ व्होल्टचे, मधली पिन निगेटिव्ह. ॲनालॉग ओव्हरड्राइव्ह दहाच्या आसपास मिलिअँपिअर खातो, डिजिटल डिले आणि सिम्युलेटर मिळून शंभराच्या सहज पुढे जातात. एकाच ॲडॉप्टरवरून माळ केली तर डिजिटल पेडलची किणकिण ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते, म्हणून या दोघांना सप्लायचे वेगळे, आयसोलेटेड आउटपुट दिले. मित्राचा जर्मेनियमवाला तर माळेत लावूच नये: त्याच्या पीएनपी सर्किटमध्ये पॉझिटिव्ह ग्राउंडला असतो, बाकीच्यांबरोबर जोडला की सरळ शॉर्ट.

सध्याची रांग: सिलिकॉन फझ, ट्यूनर, हिरवा ओव्हरड्राइव्ह, डिले, सिम्युलेटर, मिक्सर. घटस्थापनेच्या आधी टोनचा कपॅसिटर ०.०४७ वरून ०.०२२ मायक्रोफॅरड करून बघणार आहे, कारण टोन पूर्ण बंद केल्यावर नेक पिकअप अगदीच घोंगडीखाली जातं. कुणी २५० के पॉटबरोबर हा बदल केला असेल तर लिहा, म्हणजे सोल्डरिंग आयर्न एकदाच तापवेन.