शेरू अण्णांना फिरवून आणेल का?

आमच्या अण्णांची, म्हणजे थोरल्या काकांची, नजर काचबिंदूनं गेली. शेरू, आमचा दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर, दिवसभर त्यांच्या पायाशी असतो, त्यामुळं घरी येणारा प्रत्येकजण म्हणतो, शिकवा की याला, अण्णांना विश्रामबागेत फिरवून आणेल. म्हणून महिनाभर वाचलं, व्हिडिओ बघितले.

मला वाटायचं हुशार कुत्रा पाहिजे. पण हुशारी नंतरची गोष्ट. परदेशात आंधळ्या माणसांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या शाळांमध्ये (पहिली जर्मनीत, १९१६ साली, युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी निघाली) पिल्लू साधारण वर्ष-सव्वा वर्ष एखाद्या घरात वाढवतात आणि मग पारखतात, तेव्हा बघतात की दचकला तर किती वेळात सावरतो, रस्त्यात पडलेलं खातो का, दुसरं कुत्रं दिसलं की ओढतो का. खुब्याचे एक्स-रे, डोळ्यांची तपासणी तर असतेच. एवढं करूनही बरेच कुत्रे गळतात.

मग शेरूला बघितलं. स्वयंपाकघरात काकूच्या हातून ताट पडलं, हा उडाला, पण लगेच जाऊन ताट हुंगलं. मी खूश. दुसऱ्या दिवशी फिरताना एका दुकानाचं शटर धाडकन खाली आलं आणि तो माझ्या पायात घुसला, समजावून पुढं नेला. खरी गोष्ट तिसऱ्या दिवशी कळली. त्याच दुकानाच्या वीस पावलं आधी त्याची शेपटी खाली, कान मागं, आणि अंग सगळं रस्त्याच्या बाजूला ओढलेलं. शटर तर उघडंच होतं. म्हणजे भीती त्याच्या मनात राहिली होती. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला अण्णा असते तर वडापच्या जीपसमोरच गेले असते ओ.

आणि सगळ्यात अवघड म्हणजे हुकूम मोडणं. सिग्नल कुत्रा बघत नाही, गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते माणूस ठरवतो, पण ‘चल’ म्हटल्यावर समोरून गाडी येत असेल किंवा उघडं गटार असेल तर कुत्र्यानं जागचं हलायचं नाही. शेरू तर भडंगाचा दाणा खाली पडला तरी सगळं विसरतो.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते शेरूचे कान चोळत म्हणाले, "त्याला कशाला रं त्या गाड्यांत ढकलायचं, भितोय तो." संध्याकाळी दोघं निघाले, काठी अण्णांच्या उजव्या हातात, शेरूचा पट्टा माझ्याकडं. आता आम्ही त्या दुकानाच्या पलीकडच्या बाजूनं जातो.