रेल्वेने पाणी प्यायलेल्या शहरात

लातूर म्हटले की परगावच्या माणसाला अजूनही पाण्याची रेल्वेच आठवते. मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे सुमारे ३४० किलोमीटरवरील मिरजेहून सोडलेली पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी येथे पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चमध्येच पाणवठ्यांवर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे १४४ कलम लागू करावे लागले होते. एवढे सोसलेले शहर आज पाण्याशी कसे वागते, हे पाहण्यासाठी मी मुद्दाम उन्हाळ्यात तेथे गेलो.

उतरलो होतो गंजगोलाईजवळ, एका परिचितांच्या घरी. अंगणात हौद, गच्चीवर टाक्या, न्हाणीत निळे ड्रम, शिवाय बोअर आणि पिण्यासाठी विकतचा जार, अशी त्यांची जय्यत तयारी होती. काही दिवसांआड येणारा नळ पहाटे आला आणि गल्ली जागी झाली. काकूंनी पहिले काम केले ते अर्धा भरलेला ड्रम मोरीत उपडा करण्याचे. "शिळं पाणी कशाला ठेवायचं? आळ्या होतेत त्यात," त्या म्हणाल्या. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण डेंग्यूच्या भीतीने आठवड्यातून एकदा भांडी कोरडी करा असे आरोग्य खातेच सांगते. शिवाय याच काकू तांदूळ धुतलेले पाणी कढीपत्त्याला घालतात आणि कपड्यांच्या शेवटच्या पाण्याने ओसरी पुसतात. पाणी एकदा वापरले की त्याचा थेंबही वाया न घालवणाऱ्या या घराला साठवलेल्या पाण्याची मात्र फिकीर नव्हती. गल्लीतील कित्येक नळांना तोट्याच नव्हत्या. भांडी भरल्यावर पाणी खुशाल रस्त्यावरून वाहत होते. दुष्काळाने प्रत्येकाला आपापल्या घरापुरते शहाणे केले, सार्वजनिक पाणी मात्र बेवारसच राहिले, असे माझे मत झाले.

दुसऱ्या दिवशी मांजरा धरण पाहण्यासाठी केज तालुक्यातील धनेगावला गेलो. वाटेत ठिकठिकाणी ऊस उभा होता. शहरातल्या लोकांचा सगळा राग याच उसावर असल्याचे मी रिक्षावाल्याला सांगितले. त्याचा स्वतःचाही थोडा ऊस होता. "सोयाबीनचा भाव कधी पडंल ते सांगता येत नाही, ऊस कारखाना तरी नेतो," तो म्हणाला, "त्यांनी आधी नळाला तोट्या बसवाव्या साहेब, मग आमचा ऊस मोजावा."