चहाडखोर बंड्या आणि दालचिनीचं बारसं

१ डिसेंबर, सोमवार

बंड्या आला. म्हणजे आमच्याकडचा एल्फ, सांताच्या बुटक्या मदतनिसाचा बाहुला. काल रात्री साडेअकराला खुर्चीवर चढून वरच्या कपाटातलं आकाशकंदिलाचं खोकं काढलं. तळाशी गुडघे पोटाशी घेऊन तो बसलेलाच होता. तेच लाल कपडे, तेच तिरके डोळे. वर्षभरात मी काय काय दिवे लावले ते सगळं ठाऊक असल्यासारखे. आजूबाजूच्या घरांत हे पाहुणे थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरअखेरचा इथला, अमेरिकेतला सण) झाल्याबरोबर हजर होतात, आमचा एक तारखेला उगवतो. खरं कारण माझा आळस, पण धाकटीला सांगून ठेवलंय की त्याचा व्हिसा दर वर्षी रखडतो. आमच्या घरात हे कारण कोणालाही पटतं.

यंदा तो एकटा नाही आला. गेल्या आठवड्यात हस्तकलेच्या बाजारात एका बाईंकडे बाळ-एल्फ दिसलं आणि माझा हात पर्सकडे गेला. मुठीत मावेल एवढं बाळ, विणलेली हिरवी टोपी, टोकदार कान, मिटलेले डोळे. सोबत पोस्टकार्डाएवढं दत्तकपत्र, त्यावर नावाची जागा कोरी. सकाळी धाकटीनं बंड्याच्या मांडीवर ते पाहिलं आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. सहा वर्षांत हे पहिल्यांदाच घडलं.

३ डिसेंबर, बुधवार

आई (सासूबाई) नोव्हेंबरात नाशिकहून आल्यात, फेब्रुवारीपर्यंत आहेत. त्यांना एल्फ प्रकरण समजावून सांगणं हा आजचा कार्यक्रम. मी सांगितलं की हा सांताचा माणूस. दिवसभर फळीवर बसून पोरं कशी वागतात ते बघतो, रात्री उत्तर ध्रुवावर उडत जाऊन सांताला खबर देतो आणि पहाटे परत येऊन नव्या जागी बसतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, लावला तर त्याची जादू जाते. चोवीस तारखेच्या रात्री तो सांताबरोबर निघून जातो.

आई वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे चहाडखोर."

कॅनडातल्या लॉरा पिंटो नावाच्या प्राध्यापिकेनं २०१४ मध्ये एका सहलेखिकेबरोबर अख्खा लेख लिहून जे मांडलं (सतत कोणीतरी पाळत ठेवतंय हे पोरांच्या लहानपणीच अंगवळणी पडतं), ते आईंनी वाटाणे सोलता सोलता एका शब्दात उरकलं. आमच्या लहानपणी चहाड्या सांगणाऱ्या पोराशी गल्लीत कोणी खेळायचं नाही. इथे त्याला पाहुणा म्हणून घरात आणायचं, वर त्याला दुखवायचंही नाही.

हे खूळ निघालं आमच्याच राज्यात, जॉर्जियात. कॅरल एबरसोल्ड आणि त्यांची मुलगी चँडा बेल यांनी घरची जुनी गंमत पुस्तकात लिहिली आणि २००५ मध्ये बाहुल्यासकट ती पेटी स्वतःच छापून विकायला काढली, 'एल्फ ऑन द शेल्फ'. पुढे २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या थँक्सगिव्हिंगच्या मिरवणुकीत त्याचा भला मोठा फुगा उडाला. गुडघे मिठीत घेतलेले असले एल्फ पन्नास-साठच्या दशकांत जपानहून इथे येत असत, पण तेव्हा ते नुसते शोभेला असायचे. हेरखात्यात त्यांची भरती नंतर झाली.

७ डिसेंबर, रविवार

काल रात्री बंड्याला हलवायला विसरले.

फोनवर रोज दहाचा गजर लावलेला असतो. काल तो वाजला तेव्हा भारतातून बहिणीचा फोन चालू होता, गजर बंद केला आणि विसरले ते विसरलेच. सकाळी सहाला दचकून उठले, जिना उतरताना छातीत धडधड. बघते तर बंड्या पुरणयंत्रावर स्वार, बाळ त्याच्या पुढ्यात, आणि ओट्यावर पिठीसाखरेची इवली इवली पावलं फ्रिजपर्यंत गेलेली. धाकटी माझ्या मागूनच आली आणि किंचाळली, "गौरी आल्या?"

तिचं काही चुकलं नाही. या घरात पावलं उमटतात ती गणपतीत. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत मुठीचे ठसे तीच तर उमटवते, आणि "गौरी आली, सोन्याच्या पावलांनी आली" असं मीच तिच्याकडून म्हणवून घेते.

नवऱ्याकडे पाहिलं, त्यानं खांदे उडवले. मग थोरल्याकडे. अकरा वर्षांचा हा गृहस्थ अगदी मन लावून दूध-सीरियल खात होता. त्याच्या स्वेटरच्या बाहीवर पिठीसाखर होती. मी काही बोलले नाही, त्यानेही नाही. त्याला कधी कळलं, किती दिवस कळूनही तो गप्प बसला होता, देव जाणे.

या विसरण्यावर आमच्या कॉब काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) एकदा कोर्टाचा हुकूमही निघालाय. थट्टा नाही. म्हणजे थट्टाच, पण रीतसर कागदावरची. २०२१ च्या नोव्हेंबरात इथल्या मुख्य न्यायाधीशांनी गमतीनं आदेश काढून एल्फना काउंटीतून हद्दपार केलं. रात्री हे बाहुले हलायचे राहिले की मुलांच्या मनात नको त्या शंका येतात, वगैरे. थकलेल्या आईबापांना ही माझी भेट, असं त्यांचं म्हणणं. तो कागद तेव्हा फ्रिजवर लावायला हवा होता.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज बारसं झालं. बाळाचं.

कल्पना आईंची. बंड्याकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत, पण बाळाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी विरघळल्या. "एक तारखेला आलं ना? मग बारावा दिवस शुक्रवारी." जुन्या पातळाच्या तुकड्याचं दुपटं शिवून झालं, खणाचं टोपडं झालं, काजळाची तीट लागली. बुटांच्या खोक्याला दोऱ्या बांधून नवऱ्यानं पाळणा केला. मी हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या. शाळेतून आल्यावर धाकटीनं नवा परकर-पोलका घातला आणि तिच्या दोन मैत्रिणी घरच्या ख्रिसमसच्या स्वेटरमध्ये आल्या, छातीवर चमचमतं रेनडियर.

पण मधेच घोळ झाला. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवायचं, तर मैत्रिणींनी हात मागे घेतले. एल्फला हात लावायचा नसतो! एकीला तर रडूच कोसळायला आलं. तिच्या घरी मागच्या वर्षी धाकट्या भावानं हात लावला होता, तेव्हा माफीचं पत्र लिहून एल्फशेजारी दालचिनीची पूड भुरभुरवावी लागली, मग कुठे जादू परत आली. हा उतारा कंपनीनंच सांगितलेला आहे.

धाकटी जरा वेळ गप्प. मग धावत जाऊन मसाल्याचा डबा घेऊन आली, दालचिनीचे दोन तुकडे पाळण्यात ठेवले आणि म्हणाली, "आता हिला कायम हात लावता येईल. आणि हिचं नावपण हेच."

नाव ठेवायचा मान आत्याचा. ती नाशिकला, तिथे पहाटेचे साडेतीन. तरी बिचारी व्हिडिओवर जागी होती. फोन बाळाच्या टोकदार कानाशी धरला आणि आत्या "कुर्रर्र" करून कुजबुजली, "दालचिनी." मग म्हणाली, "हे काय गं नाव!" आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत, ते फोनच्या पाठीला बसले. रेनडियरवाल्या पोरींनीही घातले, का घालायचे ते न विचारता.

रात्री भांडी आवरताना वसईचं घर आठवलं. आमचे शेजारी ख्रिस्ती. त्यांच्या व्हरांड्यात नाताळचा गोठा उभा राहायचा, बशीत धान्य पेरून उगवलेल्या कोवळ्या गवताचं शेत, मातीचे मेंढपाळ, गाय, गाढव. मधोमध गवताचं बिछानं मात्र रिकामं. चोवीसला दुपारपर्यंत मी तिथे तीन चकरा मारायचे. "मावशी, बाळ कुठाय?" मावशी म्हणायच्या, "रात्री येईल." कपाटात ठेवलंय का विचारलं तरी तेच, "रात्री येईल." पंचवीसच्या सकाळी धावत जावं तर गवतात बाळ निजलेलं, आणि मावशींच्या हातात आमच्यासाठी नेवऱ्या-कलकलांची ताटली, वर क्रोशाचा रुमाल. दिवाळीच्या फराळाची ताटली आमच्याकडून जायची, तीच भरून परत यायची.

त्या बाळानं मी कशी वागते ते कधी कोणाला कळवलं नाही. त्याची वाट बघायची, एवढंच काम होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार

विशेष काही नाही. बंड्या इडलीपात्रात. दालचिनीला सर्दी. थोरल्याच्या गणिताच्या परीक्षेचं मला बंड्यामार्फत कळेल, अशी धमकी आज माझ्याच तोंडून निघाली. त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी कपडे घड्या घालायला निघून गेले.

२४ डिसेंबर, बुधवार. रात्र

संध्याकाळपासून धाकटीचा चेहरा उतरलेला. बंड्या आज जाणार, त्याचं तिला फारसं काही नाही. पण दालचिनी? "ती पण एल्फच ना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दत्तकपत्रावर परतीच्या तारखेबद्दल अवाक्षर नाही.

सांतासाठी दूध, कुकीज आणि आईंच्या आग्रहाखातर एक बेसनाचा लाडू ठेवून सगळे झोपले. बाराला मी खाली आले. बंड्या फळीवर, पाळणा रिकामा. ताटलीखाली चिठ्ठी होती, रविवारच्या मराठी शाळेतल्या अक्षरांत, वेलांट्या उलट्यासुलट्या:

"सांता, बंड्याला ने. दालचिनी लहान आहे. तिला थंडी वाजेल. ती माझ्याजवळ झोपली आहे. उठवू नको."

आता याला उत्तर लिहायला हवं, तेही डाव्या हातानं, म्हणून पेन शोधत होते. मग दिसलं, चिठ्ठीच्या खाली कोणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं. अक्षर मुद्दाम वाकडं, पण 'क' ची शेपटी मी कुठेही ओळखेन.

"ओके."

आणि लाडू अर्धा खाल्लेला.

बंड्याला उचललं, आकाशकंदिलाच्या खोक्यात घातलं, खोकं वर ठेवलं. उरलेला अर्धा लाडू मी खाल्ला.