दाभोळ ते गोवळकोट: आगबोटीच्या वाटेने, पण भरती चुकवून

दाभोळहून वाशिष्ठीच्या खाडीने चिपळूणजवळच्या गोवळकोट बंदरापर्यंत जायचे असेल, तर होडीवाल्याला दर विचारण्याआधी पंचांग उघडावे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. वद्य चतुर्थीला तो दुपारी तीन वाजल्याचे सांगतो, म्हणजे सकाळी नऊपर्यंत पाणी उतरतच राहणार. हे ठाऊक असूनही मी सातला होडीत बसलो, कारण "2021च्या पुरानंतर गाळ काढलाय, आता कुठे अडत नाही, तीन तासांत पोचवतो," असे मला छातीठोकपणे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात साडेसात तास लागले.

ही वाट मी हौसेने निवडली होती. मुंबईची आगबोट दाभोळला लागली की चिपळूणकडचे उतारू तिथे उतरत आणि लहान लाँचने खाडीतून गोवळकोट गाठत. ज्यांना पुढे देशावर जायचे असे, ते कुंभार्ली घाटाची वाट धरत. उलट दिशेने देशावरचा कापूस घाट उतरून गोवळकोटच्या बंदरात येई आणि गलबतांतून मुंबईला जाई. 1890च्या सुमारास पुण्याहून मिरजेकडे जाणारा लोहमार्ग कऱ्हाडजवळून गेला आणि घाटमाथ्यावरच्या मालाला खाडीची गरज उरली नाही. उतारूंना पुढे मोटारींनी पळवले. पावसाळ्यात तर आगबोटी बंदच असत. एरवीही लाँचला भरतीच्या कलाने चालावे लागे, कारण गोवळकोटच्या अलीकडचे पात्र उथळ आहे, आणि वाफेचा बॉयलर, कोळसा व माणसे घेऊन गाळात रुतलेली लाँच दोन खलाशांनी ढकलून निघत नाही.

आमची होडी त्या मानाने हलकी होती, तरीही ती निघाली नाही. पावणेअकराच्या सुमारास, गोवळकोट अजून बरेच दूर असताना, तळाला आधी खरखर झाली, मग इंजिनाचा आवाज जड झाला आणि पाठीमागे काळपट चिखल उसळला. होडीवाल्याने इंजिन बंद करून आम्हाला शांतपणे सांगितले, "उतरा, जरा ढकलू." समोरच्या काठावर, फार तर साठ पावलांवर, एक मगर तोंड उघडे ठेवून ऊन खात पडली होती. तिकडे बोट दाखवल्यावर तो म्हणाला, "ती नेहमीचीच आहे." मी उतरलो, गुडघ्यापर्यंत गेलो आणि डाव्या पायातली चप्पल गाळाला अर्पण केली. होडी वीतभर सरकली नाही. दीड वाजता पाणी चढून ती आपोआप उचलली जाईपर्यंत सावली नाही, आडोसा नाही आणि संकष्टीच्या उपासाला सोबत चार केळी. सातला निघण्याचे खरे कारणही याच वेळात फोनवरून कानावर आले: दुपारी त्याला दुसरी फेरी होती. ती अर्थातच बुडाली, याचा मला आजही आनंद आहे.

तेव्हा चतुर्थीच्या आसपास जाणाऱ्याने दाभोळ साडेदहाच्या आत सोडू नये. चढत्या पाण्याबरोबर वर जावे. खाडीच्या आतल्या भागात ओहोटी मुखापेक्षा उशिरा संपते, म्हणून दाभोळच्या धक्क्यावर पाणी चढू लागलेले पाहून घाई करण्यातही अर्थ नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरपूर चढते, पण ओहोटीला तेवढेच खाली जाते, त्यामुळे वेळ चुकल्यास हाल अधिक. पट्ट्यांच्या चपला घालू नयेत, जुने कापडी बूट घालावेत. पोफळीच्या वीजघरातून सोडलेले कोयनेचे पाणी वाशिष्ठीत येते, म्हणून नदी उन्हाळ्यातही आटत नाही हे खरे आहे. पण त्या भरवशावर होडी तरंगत नाही, हे मी गाळात उभा राहून सांगतो आहे.

हर्णे ते दाभोळ हे आदले दोन दिवस सुखाचे गेले, त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही. अंजनवेलचा गोपाळगड पलीकडच्या तीरावर आहे, फेरीबोटीने धोपाव्याला उतरून पाहता येतो. केवळ मगरी पाहायच्या असतील तर चिपळूणच्या बाजूने होडीच्या लहान फेऱ्या मिळतात. त्यासाठी दाभोळहून चाळीसेक किलोमीटर येण्याचे कारण नाही.

आता पैशांचे. साडेतीन हजार ठरले होते. गोवळकोटला उतरल्यावर पाच हजार मागितले गेले, आणि वरचे दीड हजार कशाचे, असे विचारता उत्तर आले, "थांबलो ना तीन तास." म्हणजे त्याने मला गाळात घातले आणि गाळात बसण्याचे भाडेही माझ्याकडूनच घ्यायचे ठरवले. वाद घालण्याची ताकद माझ्यात नव्हती, एका पायात चप्पल नव्हती. मी चार हजार दोनशेवर सुटलो. बसण्यापूर्वी दोन गोष्टी चारचौघांसमोर वदवून घ्याव्यात: अडकल्यास थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत, आणि सगळी रक्कम गोवळकोटच्या धक्क्यावर पाय ठेवल्यावरच मिळेल. आगाऊ मागणाऱ्याच्या होडीत बसू नये.