आय-फाइव्ह म्हणजे कुठला आय-फाइव्ह? छोटा डेस्कटॉप घेतानाचा माझा अनुभव

संगणक दसऱ्याला घरात यायचा होता. आला 16 ऑक्टोबरला. मधले पंधरा दिवस पुण्यातल्या तपकीर गल्लीजवळच्या एका दुकानाने खाल्ले, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

मी धायरीत राहते, सात-आठ सोसायट्यांचे हिशेब घरून लिहिते. 2014 साली असेम्बल करून घेतलेला मोठा टॉवर संगणक अजून चालत होता, पण विंडोज 10 चे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार होते आणि त्या मशीनवर विंडोज 11 चढत नव्हतं. नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळणार होते, म्हणून तेवढ्यावर भागवावं का यावर महिनाभर खल केला. पण सोसायट्यांचे बँकेचे व्यवहार याच मशीनवरून होतात आणि हार्डडिस्क कुरकुरायला लागली होती. लॅपटॉप मला नको होता, आकड्यांचं काम करणाऱ्या हाताला पूर्ण कीबोर्ड लागतो. मॅक मिनी तेव्हा 59,900 ला होता, आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली विंडोजवर चालतं, त्यामुळे तो प्रश्नच मिटला.

राहिले दोन पर्याय. एक, इंटेल एन100 चिपचा नवा कोरा मिनी पीसी. दुसरा, मोठ्या ऑफिसांतून बदलून निघालेला छोटा डेस्कटॉप: लेनोवोचा टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो. पोळ्यांच्या चपट्या डब्याएवढं मशीन, बाहेर लॅपटॉपसारखा अॅडॉप्टर. भाचा म्हणाला, "मावशी, एन100 वीज कमी खातो, पण तुझ्या चार-चार एक्सेल फाइल उघड्या असतात, इंटेलच्याच आय-फाइव्ह प्रोसेसरचा जुना डबा घे." पटलं.

स्वारगेटला बस सोडून मेट्रोने मंडई, तिथून चालत. त्या दुकानात डबा बघितला. आय-फाइव्ह, 8 जीबी रॅम, 256 ची एसएसडी, विंडोज 11 टाकलेलं, 9,500 रुपये. दसऱ्याच्या आधी तयार ठेवतो म्हणाले. मी दोन हजार आगाऊ दिले.

1 ऑक्टोबरला घ्यायला गेले तर मशीन खोक्यात घालून चिकटपट्टी मारून ठेवलेलं. मी म्हटलं, जोडून दाखवा. "मॅडम, चेक केलेलंच आहे." तरी जोडून दाखवा. पंधरा-वीस मिनिटं उभी राहिल्यावर जोडलं. भाच्याने फोनवर सांगितलं तसं सेटिंग्ज, सिस्टिम आणि सगळ्यात खाली अबाउट उघडलं. प्रोसेसरच्या ओळीत होतं: कोअर आय5-6500टी.

"मावशी, आय-फाइव्हच्या पुढचा आकडा वाच. सहा म्हणजे सहावी पिढी. विंडोज 11 ला इंटेलची आठवी लागते."

मी हे दुकानदाराला सांगितलं, तर तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे काय, चालतंय की!" चालत होतंच. तपासणीला बगल देऊन सहाव्या पिढीवरही विंडोज 11 बसवता येतं. पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अपडेट थांबणार म्हणून मशीन बदलायचं आणि तीच टांगती तलवार विकत घरी न्यायची? मी जितक्यांदा आकडा दाखवला तितक्यांदा उत्तर एकच: "आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्ह, मॅडम." शेवटी शनिवारी आठव्या पिढीचं मागवून देतो म्हणाले.

शनिवारी परत गेले. या वेळी डब्यावर ‘8वी पिढी’ असं छापील स्टिकर. चालू केलं, आत तेच 6500टी. मग मी सेटिंग्जमध्ये अॅक्टिव्हेशनही उघडलं. तिथे लिहिलेलं की विंडोज तुमच्या संस्थेच्या सेवेमार्फत सक्रिय झालं आहे. कुठली संस्था? मी घरून एकटी काम करते, म्हणजे हा परवाना माझा नव्हेच. त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पक्कं बिल मागितलं तर 18 टक्के वर लागतील म्हणाले. जीएसटी कमी झाल्याच्या पाट्या तेव्हा गल्लीभर होत्या, पण तो बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा वगैरे. संगणकावर आधीही 18 होता, आताही 18च आहे. भाव ठरवतानाच ‘बिलासकट किती’ हे विचारायला हवं होतं, ती माझी चूक.

दसऱ्याचा हट्ट नुसत्या मुहूर्तासाठी नव्हता. व्यवसायाच्या संगणकावर प्राप्तिकरात 40 टक्के घसारा, म्हणजे किमतीतला तेवढा भाग खर्च म्हणून वजा मिळतो, पण मार्चला संपणाऱ्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. म्हणजे 3 ऑक्टोबरच्या आत मशीन वापरात यायला हवं होतं. दुसऱ्यांचे हिशेब तारखेला चुकू न देणाऱ्या बाईचं स्वतःचं खातं त्या दुकानापायी चुकलं, हे मला फार लागलं.

आगाऊ रक्कम परत मागितली तेव्हा म्हणाले, मालक नाहीत, सोमवारी फोन करा. मी आठवडाभर फोन करत होते.

मधल्या काळात दुसरं दुकान मिळालं. फोनवरच विचारलं: प्रोसेसरचा पूर्ण नंबर काय? आय5-8500टी, सहा कोअर. पक्क्या बिलासकट 14,500, सहा महिन्यांची वॉरंटी. गेले, लावून बघितलं, घेऊन आले.

घरी आल्यावर कळलं की माझ्या जुन्या मॉनिटरला केबल जोडायला फक्त व्हीजीएची जागा आहे आणि डब्याला डिस्प्लेपोर्टची. तेव्हा कन्व्हर्टर त्याच फेरीत घ्या. टॉवरमधली रॅम यात बसत नाही, लॅपटॉपची छोटी लागते; एक खाच मोकळी असेल तर बरं. चालू करताना बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचं मशीनचं सेटिंग, उघडून बघा, ऑफिसचा पासवर्ड राहिलेला असेल तर घेऊच नका. नंबराच्या शेवटचा ‘टी’ म्हणजे 35 वॅटची चिप, लहान डब्यात कमी तापणारी. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते; टॉवर असताना यूपीएस पाच-सात मिनिटांत ओरडायचा, आता त्याच यूपीएसवर अर्धा तास काम उरकता येतं. लक्ष्मीपूजनाला वह्यांशेजारी हा डबा ठेवून हळदकुंकू वाहिलं तेव्हा खरंच आनंद झाला.

दोन हजारांपैकी पंधराशे आले, तेही यूपीआयवर दोन हप्त्यांत. पाचशे ‘चेकिंग चार्ज’ म्हणून कापले म्हणतात. चेक मी केलं होतं. आगाऊ रकमेची चिठ्ठी माझ्याकडे आहे, मंडईत भाजीला गेले की दर वेळी तिथे जाऊन ती दाखवते.