आमची वाटचाल : दोन सीएफएलपासून तीन किलोवॅटपर्यंत

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत आमच्या सोलरच्या धंद्याची शेड आहे. पुढे ऑफिस, मागे टेस्टिंगचं टेबल आणि कोपऱ्यात फेल गेलेल्या कार्डांचं, म्हणजे सर्किटच्या पाट्यांचं, एक पोतं. ते पोतं मी भंगारात देत नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत सौ. त्यावरून भांडते.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. २००४ साली इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान टाकलं. भारनियमनाचे दिवस होते, ग्रामीण भागात बारा-बारा तास लाइट नसायची, त्यामुळे धंदा बरा चालला. सोलरकडे आलो तो ठरवून नाही. तेव्हा केंद्र सरकारचा दुर्गम गावं उजळवण्याचा कार्यक्रम सुरू होता. ३७ वॉटचं पॅनल, १२ व्होल्ट ४० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी आणि ९ वॉटचे दोन सीएफएल, म्हणजे एलईडीच्या आधीचे कमी विजेचे दिवे, असा एका घराचा संच. एका मोठ्या ठेकेदाराला सीएफएल चालवणारी कार्डं कमी पडत होती. त्याने विचारलं, आम्ही हो म्हणालो.

टेबलावर कार्डं मस्त चालायची. नंदुरबारच्या डोंगरात धडगावकडच्या पाड्यांवर गेली की महिनाभरात जळून परत. त्या पोत्यातली बरीचशी तेव्हाची. कारण कळायला मला स्वतः जावं लागलं. एका घरात बॅटरी जागेवर नव्हती. लग्नात गेली होती, वाजंत्रीच्या स्पीकरला! दोन दिवसांनी ती परत आली आणि घरच्या आजोबांनी माझ्या डोळ्यांसमोर लाल वायर काळ्या टोकाला लावली. त्यांचं काय चुकलं? दोन्ही टोकं सारखीच दिसत होती. एक फट् आवाज आला आणि आमच्या इंजिनिअरिंगचा धूर निघाला. परत येऊन दोन-तीन रुपयांचा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि एक फ्यूज टाकला : उलटं जोडलं तर फ्यूज उडेल, कार्ड वाचेल. पुढच्या फेरीत पाहतो तर उडालेल्या फ्यूजवर तांब्याची तार गुंडाळलेली. शेवटी उलटा बसूच शकणार नाही असा कनेक्टर लावला, तेव्हा कुठे तक्रारी थांबल्या. हे आधीच सुचायला हवं होतं, पण टेबलावर बसून सुचत नाही.

मधली काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. एलईडी आले, सीएफएलची कार्डं बंद झाली, आम्ही बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या चार्ज कंट्रोलरकडे वळलो. टेंडर भरायला शिकलो, म्हणजे टेंडर हरायला शिकलो. ईएमडी, म्हणजे टेंडरची अनामत, अडकायची, एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, दुसराच कोणी व्हायचा.

मग सप्टेंबर २०१७ मध्ये घरोघरी वीज पोचवण्याची सौभाग्य योजना जाहीर झाली. जिथे खांब-तारा पोचणं अवघड, त्या घरांसाठी २०० ते ३०० वॉटचा सोलर संच : पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल. बाकीच्यांनी पॅनलचे वॉट वाचले, मी शेवटची ओळ दोनदा वाचली. पाच वर्षं! नर्मदाकाठच्या पाड्यावर एक स्क्रू ढिला झाला तरी माणूस पाठवायचा. पिकअप चांदसैली घाटातून धडगावपर्यंत, पुढे जीप, पुढे पायी, आणि काही ठिकाणी सरदार सरोवराच्या फुगवट्यातून बोट. तरीही मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली काम घेतलं.

तिथे सगळ्यात मोठी चूक आमचीच झाली. एका पाड्यावर घरांभोवती मोहाची झाडं होती. सावली चुकवायची म्हणून पॅनलचे खांब घरांपासून दहा-बारा मीटर लांब रोवले. चार एमएमची जाड वायर शेवटच्या चौदा घरांना पुरली नाही. बोट परत जायच्या घाईत होती, पोरांनी गाडीतली दीड एमएमची वायर ओढून काम उरकलं. फेब्रुवारीत सगळं व्यवस्थित. मे महिन्यात फोन : रात्री दहाला दिवे बंद. मी म्हटलं, अहो, मे महिन्यात? ऊन तर डोकं फोडतंय!

तिथेच गोम होती. पॅनल तापलं की त्याचं व्होल्टेज उतरतं. थंडीत अठरा देणारं पॅनल मेच्या दुपारी पंधरा-साडेपंधरावर येतं. बॅटरी पूर्ण भरायला १४.४ लागतात. आमच्या बारीक वायरमध्ये दहा अँपिअरला जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच मरत होते. म्हणजे ऊन जितकं कडक, तितकी बॅटरी अर्धवट. आम्ही सगळे कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा पाच मिनिटांत हिशोब सुटला. तोच आधी केला असता तर चौदा घरांची वायर भर उन्हात पुन्हा ओढावी लागली नसती. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : वायर कमी पडली तर काम थांबेल, बोट गेली तर गेली.

दुसरा धडा लिथियम बॅटरीने दिला. जुन्या लेड-अ‍ॅसिडमध्ये व्होल्टेज बघून बॅटरी किती उरली ते कळायचं. लिथियम फेरो फॉस्फेटचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत तसंच राहतं आणि मग कड्यावरून पडावं तसं कोसळतं. बॅटरी भरलेली दाखवणारा आमचा हिरवा दिवा हिरवाच असताना घर अंधारात. एक आजी आमच्या पोराला म्हणाली, "तुझा दिवा खोटं बोलतो." मग किती करंट आत गेला आणि किती बाहेर आला याची मोजदाद ठेवणारं सर्किट केलं. आता बॅटरी पाव उरली की दिवे आपोआप मंद होतात. एकदम काळोख होत नाही, जेवण उरकून अंथरुणं घालण्याइतका वेळ मिळतो. टेंडरमध्ये हे कुठेच मागितलेलं नव्हतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. एक बिल चौदा महिने अडकलं. फोटो आहेत, घरवाल्यांचे अंगठे आहेत, फोटोवर जागेचा जिओ-टॅग आहे, पण फाइल टेबलावरून हलेना. त्या काळात सौ.च्या बांगड्या बँकेत होत्या. पोत्यावरून भांडायचा हक्क तिला तिथूनच मिळालाय.

आता मुख्य काम छतावरच्या सोलरचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये सबसिडी. ती थेट ग्राहकाच्या खात्यात जाते, आमच्या बिलात अडकत नाही, यासाठी मी या योजनेला शंभर गुण देतो. धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलन्यांतून मात्र एकच प्रश्न येतो : "भाऊ, लाइट गेली की तुमचं सोलर पण का जातं?" मग समजावायचं, की यात बॅटरी नाही, हे लाइनला जोडलेलं आहे. खांबावर वायरमन काम करत असताना तुमच्या छतावरून करंट गेला तर तो मरेल, म्हणून इन्व्हर्टर स्वतः बंद होतो. लोक मान डोलावतात आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा फोन करतात.

डोंगरातली आमची पाच वर्षांची देखभाल केव्हाच संपली. पण मोलगीकडचा एक पोरगा, जो आमच्यासोबत वायर ओढत शिकला, तो अजून तिकडे दुरुस्ती करतो. त्याला न जमणारी कार्डं तो एसटीने पाठवतो, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पाड्याचं नाव. या आठवड्यात दोन आली. एकात मुंग्यांनी घर केलं होतं. दुसरं अजून उघडलेलं नाही.