खंडाच्या जमिनीत फळझाडं लावताय? आधी करार काढा

खंडाच्या जमिनीत फळझाडं लावू का, असं कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न एकच, करार किती वर्षांचा आहे? माती-पाणी नंतर बघू.

बियांपासून वाढवलेलं सफरचंद फळायला 6 ते 10 वर्षं सहज घेतं, आणि तेच एम 9 सारख्या बुटक्या खुंटावरचं (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात तो मुळांकडचा भाग) कलम लावलं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच फळं दिसायला लागतात. आता या कलमाची मुळं कमजोर, कायम आधार द्यावा लागतो, बागही साधारण 15-20 वर्षांतच थकते, म्हणून लोक नाकं मुरडतात. पण खंडकऱ्याला अजून काय पाहिजे, 20 वर्षांचा करार असेल तर तो संपेपर्यंत झाडानं देणं फेडलेलं असतं!

बदामाचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी सुरू होतं, ते जमू शकतं. पिस्त्याच्या मागे मात्र छोट्या करारात लागूच नका, पहिला माल दिसायलाच 5-7 वर्षं, भरघोस पीक त्याच्याही बऱ्याच नंतर, शिवाय नर-मादी झाडं वेगळी, म्हणजे 8-10 मादी झाडांमागे एक नर नुसता परागासाठी सांभाळायचा. काळा अक्रोड तर अजून वेगळंच प्रकरण, त्याच्या मुळांतून जुगलोन नावाचं द्रव्य सुटतं आणि जवळचे टोमॅटो, सफरचंद सुकतात, म्हणजे आंतरपिकावर खंड भागवायचा प्लॅनच बोंबलला.

आणि झाड कोणाचं, हे तोंडी ठरवू नका प्लीज. बऱ्याच देशांच्या कायद्यात रुजलेलं झाड जमिनीचाच भाग धरतात, म्हणजे कागदावर वेगळं काही नसेल तर तुम्ही जाताना बाग मालकाची. म्हणून लावायच्या आधीच लेखी परवानगी घ्या, करार मध्येच मोडला तर झाडांची किंमत कोण काढणार आणि वर्षागणिक ती कशी कमी होत जाणार तेही लिहून घ्या, ठिबक, खांब, तारा काढून न्यायची मुभा पण त्यातच टाका. मालकानं जमीन विकली तर नवीन मालकालाही हे सगळं लागू राहील का, हे वकिलाकडून बघून घ्या आणि तिथे करार रजिस्टर करायची सोय असेल तर करूनच टाका, रोपांची ऑर्डर त्यानंतर.